पाणीपट्टी, अश्वशक्ती आणि पाळी : बारामती–इंदापूर परिसरातील शेतीपंप वीजदराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. दक्षिणेस निरा, उत्तरेस भीमा आणि मधून वाहणारी कऱ्हा अशा नद्या असूनही येथील शेती पावसाच्या भरवशावर कधीच सुरक्षित नव्हती. या भागाची बागायत उभी राहिली ती प्रथम कालव्यावर आणि पुढे विजेच्या पंपावर. त्यामुळे येथील शेतकऱ्याच्या बोलण्यात 'पाळी' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक पाळी कालव्याच्या पाण्याची, दुसरी विजेची. पाणी केव्हा मिळणार आणि वीज केव्हा येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे जुळल्याखेरीज उसाला पाणी मिळत नाही.

वीजदराच्या अभ्यासात साधारणतः युनिटमागे किती रुपये व पैसे आकारले गेले याचीच चर्चा होते. शेतीपंपाच्या बाबतीत ही चर्चा अपुरी ठरते. शेतीपंपाचा दर दोन प्रकारे वसूल होत आला आहे. त्याचा एक भाग देयकावर छापला गेला, तर दुसरा भाग पुरवठ्याच्या वेळेतून वसूल झाला आणि त्याची नोंद कोठेही झाली नाही. बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात या दोन्ही भागांचा ऐतिहासिक मागोवा घेणे आणि ग्रीडचे स्वरूप बदलत असताना दररचनेपुढे कोणता प्रश्न उभा राहतो हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

कालव्याची पाणीपट्टी : मोजमापाविना दराचा पूर्वेतिहास

निरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सुरू झाला. भाटघर येथील साठ्यावर आधारलेला हा कालवा वीर येथून निघून बारामतीमार्गे इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. भाटघरचे नवे लॉईड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाल्यावर या पाण्याची शाश्वती वाढली. कालव्याचा मूळ हेतू दुष्काळनिवारणाचा होता. प्रत्यक्षात चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी घेत नसत आणि टंचाईच्या वर्षी सर्वांनाच ते हवे असे. गुंतवणूक मोठी, उत्पन्न अनिश्चित, अशी सरकारची अडचण होती. वीजकंपन्यांना आजही भेडसावणारा हाच प्रश्न आहे.

या अडचणीवर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी निरा कालव्यावर 'ब्लॉक पद्धती' सुचविली. ठराविक क्षेत्राचे गट पाडून, त्यातील मर्यादित भागातच ऊस आणि उर्वरित भागात कमी पाण्याची पिके आलटून पालटून घेण्याच्या अटीवर, अनेक वर्षांच्या कराराने पाण्याची हमी देण्याची ही योजना होती. दररचनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. तीत दर, मागणी आणि पुरवठ्याची वेळ या तिन्ही गोष्टी एकाच करारात बांधल्या होत्या. शेतकरी पैसे देत होता ते केवळ पाण्यासाठी नव्हे, तर ठरलेल्या वेळी मिळणाऱ्या पाण्यासाठी.

तथापि या पद्धतीतही एक उणीव राहिली. पाणीपट्टी पिकानुसार व क्षेत्रानुसार होती; शेतात किती पाणी गेले हे मोजले जात नव्हते. एकदा पट्टी ठरली की जादा पाण्याला जादा पैसे पडत नसत. या उदार पाणीवापराचा परिणाम कालव्याखालील जमिनींवर झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निरा डाव्या कालव्यावरील पाणथळ व क्षारपड जमिनींचा प्रश्न मुंबई सरकारच्या पाटबंधारे खात्यासमोर आला आणि निचऱ्याचे चर काढण्याची कामे हाती घ्यावी लागली. मोजमापाविना दर आकारला की त्याची किंमत अन्यत्र द्यावी लागते, हा धडा या परिसराने विजेच्या आधी पाण्याच्या बाबतीत घेतला होता.

मंडळ, पंप आणि अश्वशक्ती

१९४८ च्या वीज (पुरवठा) कायद्याने राज्य वीज मंडळांची कल्पना मांडली. त्यानुसार १९५४ मध्ये मुंबई राज्य वीज मंडळ आणि राज्यनिर्मितीनंतर १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. कोयना प्रकल्पाची वीज १९६० च्या दशकात उपलब्ध झाली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या अर्थसाहाय्याने ग्रामीण वाहिन्यांचे जाळे वाढले. १९७२ च्या दुष्काळाने विहिरीवरील पंपाची निकड अधोरेखित केली. बारामती–इंदापूर भागात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथील सहकारी साखर कारखान्यांनी उसाची मागणी आधीच निर्माण केली होती. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. त्यानंतर इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरील फुगवट्याचे पाणी उपसा करून शेतीस नेण्याचा मार्ग खुला झाला. कालव्याचे पाणी उताराने जात होते; फुगवट्याचे पाणी चढावर न्यावे लागे. त्यामुळे या तालुक्यांत पाण्याची किंमत हळूहळू विजेच्या किमतीत रूपांतरित झाली.

आरंभीची आकारणी मीटरवर होती. परंतु विखुरलेल्या विहिरींवर जाऊन वाचन घेणे, नादुरुस्त मीटर बदलणे आणि अल्प रकमेची देयके वसूल करणे मंडळाला खर्चिक वाटू लागले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात शेतीपंपासाठी अश्वशक्तीवर आधारित सपाट दर स्वीकारण्यात आला. देशातील इतर अनेक राज्यांनीही त्याच सुमारास हा मार्ग धरला.

या निर्णयाचा अर्थ समजण्यासाठी दरशास्त्रातील एक जुने तत्त्व लक्षात घ्यावे लागते. जॉन हॉपकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८९२ मध्ये असे दाखविले की, वीजपुरवठ्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. यंत्रे व तारा सज्ज ठेवण्याचा खर्च ग्राहकाने वीज वापरली नाही तरी होतो. इंधनाचा खर्च मात्र वापराबरोबर वाढतो. म्हणून दरातही स्थिर आकार आणि वीज आकार असे दोन घटक असावेत. अश्वशक्तीच्या दरात पहिला घटक तेवढा उरला, दुसरा नाहीसा झाला.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे ३.७३ किलोवॅट. ती पूर्ण भाराने महिन्यात १०० तास चालली तर सुमारे ३७३ युनिट आणि ३०० तास चालली तर सुमारे १,११९ युनिट वीज लागते. अश्वशक्तीच्या दराने दोन्ही शेतकऱ्यांचे देयक सारखेच येते. आटलेल्या विहिरीवर तासभर मोटर चालविणारा जिरायत पट्ट्यातील शेतकरी आणि कालव्याच्या पाझरावर उसाला अखंड पाणी देणारा बागायतदार या दरात समान ठरले. पहिल्याला प्रत्येक युनिट महाग पडले, दुसऱ्याला स्वस्त. याशिवाय मोटरच्या नामपट्टीवर प्रत्यक्षाहून कमी अश्वशक्ती दाखविण्याचा मोह निर्माण झाला. कार्यक्षम पंप घेण्याचे आर्थिक कारणही उरले नाही.

अंदाजाचे अर्थकारण : १९९६ ते २००५

मीटर गेला तेव्हा शेतकऱ्याच्या देयकाबरोबर मंडळाचा हिशेबही अनिश्चित झाला. न मोजलेली वीज किती, हे अंदाजाने ठरविले जाऊ लागले. वीजचोरी, जुन्या वाहिन्यांतील हानी आणि शेतीचा खरा वापर यांतील सीमारेषा पुसट झाली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील गिरीश संत व शंतनु दीक्षित यांनी १९९६ मध्ये शेतीपंपाच्या अनुदानाचे लाभार्थी नेमके कोण, हा प्रश्न अभ्यासपूर्वक उपस्थित केला. अनुदानाचा लाभ शेतकऱ्यांमध्ये विषम वाटला जातो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते.

१९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. २००० मधील पहिल्या दरनिश्चितीच्या वेळी मंडळाचे आकडे प्रथमच जाहीर सुनावणीत तपासले गेले. मंडळाच्या पूर्वीच्या हिशेबात पारेषण व वितरण हानी सुमारे १८ टक्के होती. छाननीनंतर ती ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे पुढे आले. जी वीज शेतकऱ्याने वापरली असे समजले जात होते, तिचा मोठा वाटा त्याच्या विहिरीपर्यंत पोहोचतच नव्हता. येथे या इतिहासातील नैतिक प्रश्न उभा राहतो. 'फुकट वीज वापरणारा' अशी शेतकऱ्याची जी प्रतिमा शहरी मध्यमवर्गात रूढ झाली, तिच्यामागे मोजमापाचा आधार नव्हता. मीटर नसल्याने शेतकऱ्याला आपली बाजू सिद्ध करण्याचे साधनही उरले नव्हते.

वीज कायदा, २००३ ने मीटरशिवाय पुरवठा करण्यास दोन वर्षांची मुदत घातली, क्रॉस सबसिडी कमी करण्याचे तत्त्व सांगितले आणि राज्य शासनाला सवलत द्यावयाची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरण्याचे बंधन घातले. तरीही बिनमीटर जोडण्या राज्यात पुढेही राहिल्या. २००४ मध्ये निवडणुकीपूर्वी शासनाने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. २००५ मध्ये ती मागे घेण्यात आली. त्याच वर्षी जून महिन्यात मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या स्थापन झाल्या. आकारणी, मोफत वीज आणि पुन्हा आकारणी या क्रमाने शेतकऱ्याच्या मनात एक धारणा पक्की झाली : वीजबिल ही पुरवठ्याची किंमत नसून शासनाशी चाललेल्या वाटाघाटीचा विषय आहे. पुढील काळातील थकबाकीचे मूळ बऱ्याच अंशी या धारणेत आहे.

पाळी : देयकावर न दिसणारा दर

कमी दराची भरपाई वीज यंत्रणेने पुरवठ्याच्या वेळेतून केली. शेतीच्या वाहिनीवर तीन फेजची वीज ठराविक तासच देण्याची पद्धत रूढ झाली. गावठाणाची वाहिनी वेगळी करण्याच्या योजनेमुळे घरगुती पुरवठा चालू ठेवून शेतीचा पुरवठा मर्यादित करणे सोयीचे झाले. बराच काळ आठवड्यातील काही दिवस दिवसा आठ तास व उरलेले दिवस रात्री दहा तास अशी चक्राकार पाळी प्रचलित होती. तुटवड्याच्या वर्षांत हे तासही पूर्ण मिळत नसत.

रात्रीच्या पाळीचा खर्च कोणत्याही दरपत्रकात आढळत नाही. अंधारात दारे धरणे, विंचू-सापाचे भय, झोपमोड आणि दुसऱ्या दिवशीचे काम हा सर्व भार शेतकरी कुटुंबाने उचलला. त्यावर उपाय म्हणून मोटरला ऑटो स्विच बसविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. वीज येताच वाहिनीवरील सर्व मोटरी एकदम सुरू होऊ लागल्या, रोहित्रावर अचानक भार येऊन ते जळू लागले आणि नवे रोहित्र बसेपर्यंत उभे पीक वाळू लागले. रात्री सोडलेले पाणी सकाळपर्यंत वाहत राहिल्याने अपव्यय वाढला, तो वेगळाच.

टंचाईच्या वर्षी पाळीचे आणखी एक रूप दिसते. कालव्यालगतच्या अथवा जलाशयाच्या काठावरील पंपांचा पुरवठा प्रशासनाच्या आदेशाने तोडला किंवा कमी केला जातो, जेणेकरून राखून ठेवलेले पाणी उपसले जाऊ नये. येथे वीज ही पाणीवाटपाचे साधन बनते. दर शेतीचा वापर नियंत्रित करीत नाही, म्हणून वेळ तो करते.

या संदर्भात बारामतीच्या औद्योगिक वसाहतीशी तुलना उद्बोधक आहे. २००० नंतरच्या दर आदेशांत उच्चदाब उद्योगांना वेळेनुसार वेगळा दर लागू झाला. सायंकाळच्या कमाल मागणीच्या तासांत अधिभार आणि रात्री सवलत, अशी त्याची रचना होती. कारखान्याला रात्रीची वीज सवलत म्हणून मिळाली आणि ती घ्यावी की नाही हे ठरविण्याचे स्वातंत्र्यही मिळाले. शेजारच्या शिवारात तीच रात्रीची वीज पाळी म्हणून आली. युनिटचा दर शेतकऱ्याला कितीतरी कमी होता, हे खरे. परंतु निवड करण्याचा अधिकार त्याला नव्हता.

बदलते ग्रीड आणि नवे प्रश्न

गेल्या दोन दशकांत ग्रीडचे स्वरूप पालटले आहे. २००२ मध्ये आयोगाने बगॅसवर आधारित सहवीजनिर्मितीच्या खरेदीचा दर ठरविल्यावर राज्यातील साखर कारखाने वीजविक्रेते झाले. बारामती–इंदापूर परिसरातील कारखान्यांचाही त्यात सहभाग आहे. ज्या उसाच्या पाण्यासाठी ग्रीडमधून वीज घेतली जाते, त्याच उसाच्या चिपाडापासून गळीत हंगामात वीज ग्रीडला परत जाते. दुसरीकडे, मोठे उद्योग खुला प्रवेश व स्वतःची सौरवीज यांकडे वळत आहेत. ज्या ग्राहकाच्या चढ्या दरातून शेतीची सवलत निघत होती तो ग्राहकच ग्रीडवरील आपले अवलंबन कमी करू लागल्याने क्रॉस सबसिडीचा पाया आकुंचन पावत आहे.

सर्वांत मोठा बदल सौरऊर्जेने घडविला. पूर्वी रात्र ही यंत्रणेची सोयीची वेळ होती. आता दुपार ही स्वस्त विजेची वेळ झाली आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची विस्तारित आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देणे, हे तिचे सूत्र आहे. अशा प्रकल्पांची वीज युनिटमागे ३ रुपयांच्या आसपास करारबद्ध झाली आहे. म्हणजे शेतकरी दीर्घकाळ मागत असलेली दिवसाची पाळी आता वितरण कंपनीच्याही हिताची ठरली आहे.

असे असूनही दररचनेत मात्र शेतीपंप पुन्हा बाहेरच राहिला. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांत किमान २० टक्के स्वस्त व कमाल मागणीच्या तासांत महाग असा वेळनिहाय दर सांगितला. त्यातून कृषी ग्राहक वगळण्यात आले. राज्यात २०२५ च्या दर आदेशांत सौर तासांतील सवलतीचे तत्त्व मांडले गेले आणि त्या आदेशांवर वादही झाले. शेतीपंपाबाबत राज्याने वेगळा मार्ग निवडला. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी मोफत वीज जाहीर झाली. सुमारे ४४ लाख पंपधारकांसाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार त्या वेळी अपेक्षित होता.

देयक शून्य झाल्याने दराचा एक भाग संपला. पाळी हा दुसरा भाग तेवढा शिल्लक राहिला. किती पाणी उपसायचे हे आता केवळ पुरवठ्याचे तासच ठरवितात. विशेष म्हणजे मोफत विजेची मर्यादाही अश्वशक्तीत व्यक्त केली आहे, युनिटमध्ये नाही. अर्धशतकापूर्वीचे माप नव्या योजनेतही टिकून आहे.

इतर राज्यांचे अनुभव

पश्चिम बंगालने २००७ पासून सिंचनाच्या कूपनलिकांना मीटर बसवून वेळनिहाय दर लागू केला. सायंकाळी महाग, रात्री स्वस्त अशा या रचनेने शेतकऱ्याला वेळेची निवड दिली. गुजरातने ज्योतिग्राम योजनेद्वारे वाहिन्या वेगळ्या करून शेतीला मर्यादित पण निश्चित तासांचा पुरवठा दिला. तेथे पाळीची विश्वासार्हता हाच सुधारणेचा गाभा होता. पंजाबने २०१८ मध्ये आणखी निराळा प्रयोग केला. वीज मोफत ठेवूनच मीटर बसवायचा आणि ठरविलेल्या मर्यादेपेक्षा वाचलेल्या युनिटमागे शेतकऱ्याच्या खात्यात ४ रुपये जमा करायचे, असे त्याचे स्वरूप होते. मीटर म्हणजे वसुलीच, ही समजूत या प्रयोगाने प्रथमच बाजूला सारली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) बारामती–इंदापूर परिसरात सिंचनाची किंमत दीर्घकाळ मोजमापाविना आकारली गेली. प्रथम क्षेत्रावर आधारित पाणीपट्टी, नंतर अश्वशक्तीचा दर आणि अखेरीस मोफत वीज, हे एकाच परंपरेचे तीन टप्पे आहेत.

२) देयकावरील दर जसा कमी झाला तसे पाळीचे महत्त्व वाढले. रात्रीच्या पुरवठ्याचा भार हा शेतकऱ्याने दिलेला दरच होता. तो आकड्यांत मांडला न गेल्याने सवलतीच्या चर्चेत त्याची दखल घेतली गेली नाही.

३) मोजमापाच्या अभावाने शेतकऱ्याचे हित साधले, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. त्याच्या नावावर यंत्रणेची हानी जमा होत राहिली आणि अनुदानाचा अधिक वाटा अधिक पाणी असलेल्यांकडे गेला.

४) सौर वाहिन्यांमुळे दिवसाची पाळी ही शेतकरी व कंपनी दोघांच्याही सोयीची झाली आहे. अशा वेळी पुरवठ्याचे तास हे दर आदेशाचाच भाग मानून त्यांची हमी द्यावी. मीटर अथवा किमान रोहित्रनिहाय नोंद वसुलीसाठी नसली तरी पुराव्यासाठी आवश्यक आहे. मार्च २०२९ नंतर मोफत योजनेचे काय करावयाचे याचा निर्णय तरी अंदाजावर होऊ नये.

निरा कालव्यावरील ब्लॉक पद्धतीने दर, मागणी व वेळ एका करारात आणली होती. मोजमाप तेवढे राहून गेले होते. शंभराहून अधिक वर्षांनंतर मोजण्याची साधने हाताशी आली आहेत. याच खोऱ्यात एकदा मांडला गेलेला तो करार विजेच्या बाबतीत मोजमापासह पुरा करणे, हे आता दररचनाकारांचे काम आहे.